बॅरोनेसचा आवाज अपघातामुळे बदलला, हे मला पटत नाही

तिसरी_तार

बॅरोनेस या मेटल बँडचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अपघातातून वाचले आणि मग त्यांचं संगीत बदललं." कालच पार्क चौकात चहा पिताना एका मित्राने हेच ऐकवलं. माझा या वाक्याला विरोध आहे आणि तो सविस्तर मांडायला हा धागा काढतोय.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात 2003 साली हा बँड उभा राहिला. जॉन बेझली गातो, गिटार वाजवतो आणि अल्बमची मुखपृष्ठंही स्वतःच रंगवतो. सुरुवातीचं संगीत स्लज पद्धतीचं: जाड, खालच्या सुरातली गिटार आणि गाण्यापेक्षा आरडाओरडाच जास्त. पण त्यातही लांबलचक वळणं आणि मध्येच येणारे शांत तुकडे असल्यामुळे प्रोग्रेसिव्हवाल्यांनी, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचना आवडणाऱ्यांनी, त्यांना लगेच आपलं म्हटलं. 2007 ला 'रेड अल्बम', 2009 ला 'ब्लू रेकॉर्ड'. मग 17 जुलै 2012 ला 'यलो अँड ग्रीन', अठरा गाण्यांचा दुहेरी अल्बम.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. 15 ऑगस्ट 2012 ला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलहून साउदॅम्प्टनला जाताना बाथ शहराजवळच्या तीव्र उतारावर त्यांच्या बसचे ब्रेक लागेनात. बस पुलाचा कठडा तोडून सुमारे 30 फूट खाली गेली. आत नऊ जण होते, सगळे वाचले. बेझलीचा डावा हात आणि डावा पाय मोडला. ड्रमर अ‍ॅलन ब्लिकल आणि बासवादक मॅट मॅजिओनी यांच्या मणक्यांना फ्रॅक्चर झालं आणि 2013 मध्ये दोघांनीही बँड सोडला.

आता तारखा बघा. ओरडणं सोडून गाणं, उघड चाली, हलकी गिटार, हे सगळं 'यलो अँड ग्रीन'मध्ये आलेलंच आहे. "हे आता मेटल राहिले नाहीत" अशी चिडचिड अपघाताच्या आधीच सुरू झाली होती. म्हणजे वळण आधी घेतलं, बस नंतर पडली. मग आपण त्या बदलाचं श्रेय मोडलेल्या ब्रेकला का देतो? ते बदल घडवायला माणसाने वर्षानुवर्षं डोकं आणि हात झिजवलेत. श्रेय त्याचं आहे.

कडक_भाकरी

लई दिवसांनी आपल्या सोलापूरच्या माणसाने मेटलवर धागा काढला बे. पहिला प्रतिसाद माझा.

यांच्या अल्बमची नावं बघा: लाल, निळा, पिवळा-हिरवा, पुढे जांभळा, मग सोनेरी-राखाडी. ही यादी नवी पेठेत चादरीच्या दुकानात वाचून दाखव, दुकानदार एकेक घडी उलगडून समोर टाकायला लागेल.

ताणाबाणा

धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. तारखांचा मुद्दा बरोबर आहे, पण 'आवाज' म्हणजे फक्त चाल नाही.

अपघातानंतरचा अल्बम 'पर्पल' (डिसेंबर 2015) घ्या. ड्रमवर सेबॅस्टियन थॉमसन आला. हा ट्रान्स अ‍ॅम या बँडचा माणूस, पोस्ट-रॉक आणि इलेक्ट्रॉनिक वळणाचा. बासवर निक जोस्ट आला, तो जॅझमधून आलेला, कीबोर्डही सांभाळतो. ब्लिकल ड्रम वाजवायचा तेव्हा टॉम्सवर (ड्रमसेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रम्सवर) लोळत लोळत जायचा. थॉमसनचा ठोका यंत्रासारखा नेमका आणि पुढे ढकलणारा. एकाच बँडची ही दोन वेगळी हाडं आहेत. आणि ही दोन माणसं आली कशामुळे? जुने दोघे अपघातामुळे गेले म्हणून. मग अपघाताचा संबंध नाही असं कसं म्हणता?

तिसरी_तार

@ताणाबाणा, संबंध नाही असं मी म्हटलेलंच नाही. दिशा कोणी ठरवली हा माझा प्रश्न आहे. गाडी कोणत्या गावाला निघालीय ते आधी ठरलं होतं, चालवणारे बदलले.

हेमंती

दोन उदाहरणं समोर ठेवते, एक तुमच्या बाजूचं, एक विरुद्ध बाजूचं.

ओपेथ. स्वीडनचा बँड, डेथ मेटलच्या गुरगुरण्यावर मोठा झालेला. 2011 च्या 'हेरिटेज'मध्ये मिकाएल ओकरफेल्टने ते गुरगुरणं पूर्ण बंद केलं आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे वळला. ना अपघात, ना आजारपण. त्याला ते संगीत आवडत होतं म्हणून. पुढे 2024 च्या अल्बममध्ये तो आवाज परत आणला, तेही कुणी मरता मरता वाचला म्हणून नाही. कलाकार बदलतो, त्यासाठी दर वेळी रक्त सांडावं लागत नाही.

आता विरुद्ध बाजू. मॅस्टोडॉन, अटलांटाचा बँड. 2007 मध्ये लास व्हेगासला एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यानंतर गिटारिस्ट ब्रेंट हाइंड्सच्या डोक्याला गंभीर मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून बरा होत असताना तो घरी गिटार घेऊन बसला आणि 2009 च्या 'क्रॅक द स्काय'चं बरंचसं संगीत त्या काळात तयार झालं. त्यांचा सगळ्यात प्रोग्रेसिव्ह अल्बम तोच. इथे दुखापत आणि संगीत यांची गाठ घट्ट आहे, ती सोडवून दाखवा.

(ब्रेंट ऑगस्ट 2025 मध्ये अटलांटातच मोटारसायकल अपघातात गेला. हे लिहिताना अजूनही जड जातं.)

सात_रस्ता

ब्रेंटसाठी 🙏

तिसरी_तार

@हेमंती, उदाहरण जबरदस्त. पण त्या अल्बमच्या नावातली 'स्काय' कोण? ड्रमर ब्रॅन डेलरची बहीण. चौदाव्या वर्षी तिने आयुष्य संपवलं. ते दुःख ब्रॅनने किती वर्षं मनात ठेवलं होतं आणि मग शब्दांत उतरवलं. ब्रेंटच्या दुखापतीने त्याला सक्तीने एका जागी बसवलं हे खरं. पण त्या बसण्यात दुसरा एखादा माणूस टीव्ही बघत राहिला असता.

घाटउतार

अवांतर आहे, पण राहवत नाही. घरात तीन पिढ्या ट्रकवर आहेत, म्हणून ब्रेकचं वाचून थांबलो.

लांब उतारावर अवजड गाडी फक्त ब्रेकवर धरली तर लायनर तापतात, आणि एका मर्यादेनंतर पेडल दाबूनही पकड येत नाही. म्हणून आमच्याकडे पोराला पहिलं शिकवतात ते हे: ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, इंजिनला गाडी धरू दे. तुळजापूरच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे मी पाहिलेत. अशा माणसाच्या शेजारी मी बसत नाही, तो कितीही जवळचा असो.

त्या बसमध्ये काय बिघडलं होतं त्यावर मी बोलणार नाही. पण 30 फुटांवरून बस पडून नऊच्या नऊ जिवंत राहिले हे वाचून हात जोडले. ते मेटल वगैरे मला कळत नाही, माझी भजनाची आवड. तरी आज यातलं एक गाणं ऐकणार.

कडक_भाकरी

@घाटउतार काका, 'पर्पल'मधलं 'क्लोरीन अँड वाइन' ऐका. सुरुवात शांत हाय, घाबरू नका.

फिजिओ_ताई

या धाग्यात हाताबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. रोज अशीच मोडलेली हाडं हाताखालून जातात.

बेझलीने नंतर बँडच्या वेबसाइटवर स्वतःच्या शब्दांत सगळं लिहिलं होतं. डाव्या दंडाच्या हाडाचे सात तुकडे. आठ तासांहून लांबलेली शस्त्रक्रिया. टायटॅनियमच्या 2 मोठ्या प्लेट, 20 स्क्रू, दीड फूट तार. दंडाचं हाड म्हणजे ह्युमरस. त्याच्या मागून रेडियल नस हाडाला अगदी लगटून वळसा घेत खाली उतरते. त्यामुळे या हाडाचा चुरा झाला की आम्ही एक्स-रे बघायच्या आधी पेशंटला सांगतो, "मनगट वर उचला." नसेला इजा असेल तर पंजा लोंबतो.

मनगटाचा गिटारशी काय संबंध? आत्ता करून बघा. मनगट जरा मागे वाकवून मूठ आवळा. मग मनगट पूर्ण पुढे झुकवून तशीच मूठ आवळा. दुसऱ्या वेळी जोर येत नाही. बोटांची ताकद मनगटाच्या स्थितीवर उभी असते. उजव्या हाताने छेडणाऱ्याला तारा दाबायला डावाच हात लागतो, आणि याचा मोडला तोही डावाच.

दुखावलेली नस भरून येते ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने. दंडापासून मनगटाच्या स्नायूंपर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल की महिने कसे जातात. ते महिने कंटाळ्याचे असतात. चिमटे उचलायचे, रबर ताणायचं, टेबलावर पंजा सपाट ठेवून एकेक बोट वर करायचं. निम्मे पेशंट इथेच सोडून देतात. बेझली 2013 मध्ये पुन्हा दौऱ्यावर होता आणि त्या हाताचं दुखणं कायमचं राहिल्याचं तो मुलाखतींत सांगत आलाय.

म्हणून धागाकर्त्याच्या बाजूने माझं मत. अपघाताने त्याला काही दिलं नाही. जे होतं ते हिसकावलं, आणि त्याने चिमट्याने एकेक कण परत गोळा केला.

सात_रस्ता

@फिजिओ_ताई, ऑफिसात सगळेजण मुठी आवळून बघतायत. साहेबांनी विचारलं मोर्चा आहे का.

धोटा

ताईंचा प्रतिसाद वाचून वडील आठवले.

वडील यंत्रमागावर. मी लहान असताना मागातून धोटा (आडवा धागा नेणारा तुकडा) उडाला आणि त्यांच्या हाताला लागला. करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं. कारखाना कोणता ते सोडा. बोट भरून आल्यावर ते पुन्हा त्याच मागावर उभे राहिले आणि तुटलेला ताणा (उभा धागा) सांधायला नवीनच पद्धत शोधली: अंगठा आणि मधलं बोट. गाठ आधीपेक्षा बारीक बसायची. शेजारचे मागवाले बघायला यायचे.

पुढे मला टोनी आयोमीची गोष्ट कळली. ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट, बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या जँगोची दोन बोटं 1928 च्या आगीत निकामी झाली होती. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बॅन्जोच्या बारीक तारा चढवल्या, पुढे तारा सैल करून तीन अर्धस्वर खाली लावल्या. 1971 चा तो खालचा, जड सूर आज जगभरचे असंख्य मेटल बँड वापरतात. बॅरोनेससुद्धा.

मी ही गोष्ट वडिलांना सांगितली. ते म्हणाले, "त्याला बारीक तार मिळाली म्हणून जमलं. मला सूत मालक देईल तेच." त्यांना कौतुक यंत्राचं नव्हतं, आयोमीचंही नव्हतं. त्यांना तारेची जाडी किती ते हवं होतं.

हेमंती

@धोटा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

पण बघा, इथे दुखापत आणि आवाज यांचा सरळ संबंध आहेच. बोटं शाबूत असती तर आयोमीने तारा सैल केल्या असत्या का?

धोटा

@हेमंती, नसत्याही केल्या. पण त्याच कारखान्यांत बोटं गमावलेले शेकडो कामगार होते, आपल्या अक्कलकोट रोडलाही आहेत. त्यांच्यातून मेटल जन्मलं नाही. मी तिसरी_तार यांच्या बाजूने.

वाजवतो_अजून

मीही लिहू का? होटगी रोडला मागून आलेल्या टेम्पोने उडवलं होतं. डाव्या कोपराखालच्या हाडात प्लेट आहे. आमचा छोटासा बँड आहे. प्रॅक्टिसची खोली एमआयडीसीत, दोन्ही बाजूंना माग चालू असतात, त्यामुळे ड्रम कितीही बडवा, तक्रारीला कुणी येत नाही. सोलापुरात मेटल वाजवायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

हॉस्पिटलमधून आल्यावर लोक म्हणायचे, "आता तुझ्या वाजवण्यात वेगळीच खोली येईल." मला राग यायचा. वेदनेत सूर नसतो हो. वेदना वेळ खाते. एफ कॉर्ड धरायला पहिलं बोट आडवं टाकलं की प्लेटच्या जागेपासून अंगठ्यापर्यंत एक ठणका जातो, आणि तिसरं बोट तारेवर पोचतं ते ठोका गेल्यावर. ते अर्ध्या क्षणाचं उशिरा पोचणं ऐकायला मी मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग लावून बसायचो. थंडीत अजून होतं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तर फार.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, ती तिसरी_तार यांच्या विरुद्ध जाईल. माझी आवड बदलली. आधी वेगवान, दाखवायचं असं वाजवायचो. आता एकच सूर लांब धरला तरी पुरतं. हात जमत नाही म्हणून नाही, हात आता बराच जमतो. घाई उरली नाही म्हणून. 'क्लोरीन अँड वाइन'मध्ये सुरुवातीला गिटार एकटीच हळूहळू बोलत राहते, मग एकेक वाद्य येऊन मिळतं आणि जवळपास सात मिनिटांच्या गाण्यात शेवटी सगळे मिळून गळा काढतात. ती वाट बघण्याची ताकद मला आधी कळलीच नसती.

ताणाबाणा

@वाजवतो_अजून, नेमकं हेच मला म्हणायचं होतं आणि ड्रमच्या भाषेत नीट सांगता आलं नाही.

तिसरी_तार

@वाजवतो_अजून, तुमचं लिहिणं पुन्हा पुन्हा वाचलं. माझा विरोध कशाला आहे ते आता जास्त नेमकं सांगतो. "तुझ्या वाजवण्यात खोली येईल" म्हणणाऱ्या लोकांना आहे. तुमची घाई तुम्ही कमी केलीत, रात्री स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून. टेम्पोने नाही.

चौथा_सप्तक

सगळे भावुक झालेत, तर मी 'पर्पल'च्या ध्वनीबद्दल तक्रार करतो. निर्माता डेव्ह फ्रिडमन मोठा माणूस, मान्य. पण पातळी इतकी चढवलीय की चांगल्या हेडफोनवर ड्रम आणि गिटार एकमेकांवर चिरडतात, आवाज फाटतो. 2019 च्या 'गोल्ड अँड ग्रे'वर तर जास्तच. इतकी सुंदर गाणी आणि वर काच फुटल्यासारखी किरकिर. 'शॉक मी'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं तेव्हा आनंद झाला, पण तेच गाणं मी लाइव्ह रेकॉर्डिंगमध्येच ऐकतो.

कडक_भाकरी

खरंय बे. मी रिक्षातल्या स्पीकरवर ऐकतो, तिथं सगळंच फाटतंय, फरक कळत नाही. 😄

हेमंती

@चौथा_सप्तक, मला ते फाटणं आवडतं. 'पर्पल' त्यांनी स्वतःच्या अब्रॅक्सन हिम्स या लेबलवर काढला, कुणाच्या दबावाने नाही. त्यांना तो आवाज तसाच हवा होता असं मानते. गाडी उतारावर सुटल्याची भीती स्वच्छ ध्वनीत आली असती का?

चौथा_सप्तक

भीती चालीत आहे. ध्वनीत फक्त क्लिपिंग (पातळी चढवल्याने आवाज फाटणं) आहे.

नवखा_ऐकणारा

मी बारावीत आहे. कुठून सुरू करू? आणि फिजिओ ताई, माझ्या मित्राचा हात मोडलाय, प्लास्टर निघालं, त्याला गिटार कधी धरता येईल?

फिजिओ_ताई

बाळा, मित्राला तारीख फोरमवरून मिळणार नाही. हाड जुळल्याचं त्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितल्याशिवाय जोर लावायचा नाही. परवानगी मिळाली की बारीक तारा चढवा, थोडा थोडा वेळ वाजवा, ठणका आला की थांबा. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आजच दाखवा, वाट बघू नका.

ताणाबाणा

@नवखा_ऐकणारा, 'ब्लू रेकॉर्ड', मग 'यलो अँड ग्रीन', मग 'पर्पल'. याच क्रमाने. म्हणजे या धाग्यातलं भांडण तुझं तू सोडवशील.

तिसरी_तार

आणि त्यानंतर 'स्टोन' (2023). त्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. 2017 मध्ये गिटारिस्ट पीट अ‍ॅडम्सने बँड सोडला आणि त्याच्या जागी जीना ग्लीसन आली. बेझली, ग्लीसन, जोस्ट, थॉमसन, या चौघांनी 'गोल्ड अँड ग्रे' केला आणि 'स्टोन'ही याच चौघांचा. लागोपाठ दोन अल्बमना तीच माणसं, असं या बँडच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. निर्मिती स्वतःची. नावातले रंगही संपले. ना कुणी गेलं, ना कुणी पडलं, तरी आवाज पुन्हा बदलला: मोकळा झाला, वाद्यं वेगवेगळी ऐकू येतात, कुठे कुठे बेझली जवळजवळ बोलल्यासारखा गातो. @चौथा_सप्तक, तुमच्या हेडफोनलाही चालेल.

ताणाबाणा

'स्टोन'चा मुद्दा चांगला आहे. तरी त्या अल्बमवर ड्रम थॉमसनचेच आहेत आणि तो का आला ते मी वर लिहिलंय. मी माझ्या मतावर ठाम.

घाटउतार

'क्लोरीन अँड वाइन' ऐकलं. शब्द कळले नाहीत, पण शेवटी सगळे मिळून म्हणतात ते फार आवडलं. अशी अजून दोन-तीन सांगा, उद्या हैदराबादची खेप आहे.